सेलूकरांच्या स्प्रिंगा

सेलूकर म्हटलं की मला ते ओणवेच आठवतात. गावाबाहेरच्या आमच्या नेमबाजी क्लबात रविवारी सकाळी माणसं रांगेत उभी राहून समोरच्या कागदी लक्ष्यावर पिस्तुलं रोखत. सगळ्यांच्या नजरा पुढे असत. सेलूकर तेवढे खाली बघत. पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि जमिनीवर पडते. ती कुठे पडते, यात त्यांना जन्माचा रस होता. फेरी संपली की ते गुडघ्यांवर हात ठेवून ओणवे होत, पुंगळ्या कुठवर गेल्यात ते बघत, आणि मग कुणाकडे तरी वळून गंभीरपणे म्हणत, "तुमच्या लांब जायल्यात हो."

ज्याला ते असं म्हणत त्याचा रविवार संपला. कारण पुंगळ्या लांब जायला लागल्या याचा अर्थ पिस्तुलातली मुख्य स्प्रिंग थकली. गोळी सुटताच पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाईड, झटक्याने मागे जाते, आणि ही स्प्रिंग तिला आवरून पुन्हा जागेवर आणून बसवते. स्प्रिंग सैल झाली की स्लाईड मागे जास्त जोरात आदळते, पुढे मात्र आळसावल्यासारखी येते. आधी पुंगळ्या लांब जातात, मग कधीतरी स्लाईड पुरती मिटतच नाही, आणि तरीही रेटत राहिलं तर पिस्तुलाच्या अंगालाच तडा जातो. हे सगळं मला सेलूकरांनीच शिकवलं. फक्त एवढं शिकवल्यावर ते नवी स्प्रिंग देत नसत.

"मग बदलायची ना?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझं पिस्तूल उघडलं, स्प्रिंग काढून उजेडात धरली, बोटांत दाबली, कानाशी नेली, आणि परत आत घातली.

"जीव आहे अजून," ते म्हणाले. "नक्को घाई."

मी पुण्याहून बँकेच्या बदलीवर हैदराबादला आलो होतो. नव्वदच्या नंतरची ती सुरुवातीची वर्षं. गल्लीगल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि आमच्या बँकेत ज्या माणसाला दोन वर्षांपूर्वी आम्ही स्कूटरसाठी कर्ज नाकारलं होतं त्याला बोलावून मोटारीसाठी कर्ज देत होतो. नारायणगुड्यात सेलूकरांच्या घराचा खालचा मजला मला भाड्याने मिळाला. ते वर राहत. विमा कचेरीत अधिकारी, घराणं मूळचं परभणीकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. मराठी बोलताना मधेच दख्खनी कधी सुरू होई ते त्यांना कळत नसे. "तुमच्या पुण्याचं मराठी लई साफ आहे," ते मला म्हणत, "पण त्याच्यात बसायला जागा नाही."

त्यांनीच मला क्लबात नेलं. ते तिथले मानद चिटणीस होते आणि हत्यारांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात असे. परदेशी पिस्तुलांचे सुटे भाग तेव्हा सहज मिळत नसत. अर्ज करायचा, तो दिल्लीला जायचा, तिथे कुणीतरी मंजुरी द्यायचं, मग माल कस्टममध्ये पडून राहायचा. जे काही येई ते त्या कपाटात जाई. त्यामुळे क्लबाचा अध्यक्ष कुणीही असो, सत्ता सेलूकरांची होती. निवृत्त अधिकारी त्यांना चहा विचारत. एका डॉक्टरांनी त्यांच्या दाढा फुकट पाहून दिल्या. सेलूकर चहा पीत, दाढा दाखवत, आणि स्प्रिंग उजेडात धरून म्हणत, "जीव आहे."

ते स्वतः नेमबाज म्हणून बेताचेच होते. गोळी झाडताना त्यांचं लक्ष लक्ष्यावर कमी आणि हातातल्या यंत्राच्या तब्येतीवर जास्त. एकदा सलग तीन गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात बसल्या तर ते थांबले, कान देऊन म्हणाले, "आवाज जरा बसका नाही वाटला?" आणि चौथी कागदाबाहेर गेली.

घरी मात्र हा माणूस निराळा होता. स्वयंपाकघरात खिळ्याला कुकरच्या रबरी रिंगा माळेसारख्या लटकत असत. बेगम बाजारात गेले की ते स्टोव्हच्या पिना, नळाचे वायसर, मिक्सरचे कपलर असलं सगळं घाऊक घेऊन येत, आणि चालू वस्तू उघडून बदलत. वहिनी एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "क्लबात लोक एका स्प्रिंगसाठी ह्यांच्या पाया पडायलेत म्हणे. आणि इथं मी म्हणते, अहो, कुकर चांगला चाललाय, राहू द्या की. तर ऐकत नाहीत."

सेलूकर शांतपणे म्हणाले, "बिघडायच्या आधी बदलावं."

"मग क्लबात का बदलत नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय पावसापाण्यावर नेला.

क्लबात खरोखर चांगलं खेळणारी एकच होती, सुजाता वाघमारे. वडील नांदेडहून इथे टपालखात्यात लागलेले, ती स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. रात्रपाळी करून रविवारी सकाळी बसने यायची आणि डोळ्यांवर पाणी मारून उभी राहायची. स्वतःचं पिस्तूल घ्यायचा प्रश्नच नव्हता, क्लबाचंच वापरायची. ती फार बोलत नसे. सेलूकर तिच्याशी इतरांपेक्षा जास्त तुसडेपणाने वागत, त्यावरून आम्ही ओळखलं होतं की ती त्यांना आवडते.

दक्षिण विभागाच्या स्पर्धा जवळ आल्या आणि तिच्या पिस्तुलाची स्लाईड मिटेनाशी झाली. पाच गोळ्यांत एखादी वेळ ती अर्ध्यावर अडकायची. तिला अंगठ्याने ढकलून बसवावी लागायची, आणि झटपट गोळ्या झाडायच्या फेरीत एवढा वेळ म्हणजे हरणंच.

"सर, स्लाईड लागायली नाही," ती म्हणाली. "स्प्रिंग गेली."

सेलूकरांनी पिस्तूल उघडलं. या वेळी त्यांनी स्प्रिंग कानाशी नेली नाही. नुसती तळहातावर ठेवून पाहत राहिले. क्लबाच्या प्रत्येक स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर ते वहिनींच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देत, माल ओळखू यावा म्हणून. तो ठिपका आम्हाला दिसत होता.

"जीव आहे अजून," ते म्हणाले, पण सुजाताकडे न बघता.

पिस्तूल त्यांच्या पुढ्यात ठेवून ती निघून गेली. मला सेलूकरांचा राग आला. कपाट दोन हातांवर होतं, किल्ली खिशात होती.

पुढच्या रविवारी तिने पहिली गोळी झाडली आणि स्लाईड खटकन मिटली. दुसरी, तिसरी, सगळ्या. पुंगळ्या तिच्यापासून हातभरावर एका ढिगात पडत होत्या. सुजाताने मागे वळून पाहिलं. सेलूकर दुसऱ्याच कुणाला तरी काडतुसांचा हिशेब विचारत होते. "सरांनी काहीतरी ॲडजस्ट केलं असेल," ती मला म्हणाली. स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. क्लबाच्या इतिहासातलं ते पहिलं पदक. पेढे सेलूकरांनी आणले, आणि ते वाटताना प्रत्येकाला सांगितलं की हिचा डावा पाय अजून चुकीचा पडतो.

या स्पर्धेच्या काही महिने आधी क्लबात वेंकट राव आले होते. राव बांधकामवाले. शहर वाढत होतं आणि जिकडे वाढत होतं तिकडे रावांची जमीन आधीच असे. त्यांनी स्वतःसाठी क्लबाकडे होतं त्याच जर्मन बनावटीचं नवंकोरं पिस्तूल मागवलं होतं. मखमलीच्या पेटीत असे. महिन्यातून एखाद्या रविवारी ते गार हवेच्या गाडीतून येत, मूठभर गोळ्या झाडत, मग झाडाखाली बसून पाहुण्यांना इडली खिलवत. पिस्तूल क्लबातच ठेवून जात. साफसफाई सेलूकरांकडे. वर्षभरात राव अध्यक्ष झाले, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही, कारण त्यांनी नवं छप्पर घातलं होतं.

अध्यक्ष झाल्याच्या आनंदात त्यांनी एक सामना ठेवला. पाहुणे आले, खुर्च्या लागल्या. पहिली गोळी अध्यक्षांची. ती सुटली आणि रावांच्या पिस्तुलाची स्लाईड अर्ध्यावर अडकली. रावांनी हसून ती बसवली. दुसऱ्या गोळीला पुन्हा तेच. तिसऱ्याला राव हसले नाहीत. त्यांच्या पुंगळ्या पलीकडच्या माणसाच्या टेबलावर जाऊन पडत होत्या. मी सेलूकरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खाली न बघता आकाशाकडे बघत होते.

राव चिडले नाहीत. काळ बदलला होता. त्यांनी परदेशात कुणाला तरी फोन केला आणि काही दिवसांत कुरियरने स्प्रिंगांचं अख्खं पाकीट आलं. क्लबात ते पाकीट हातोहात फिरलं. ज्या वस्तूसाठी माणसांनी वर्षानुवर्षं चहा पाजला होता, ती रावांच्या ड्रायव्हरने काडेपेटीसारखी आणून दिली होती. रावांनी हौसेने स्वतःच पिस्तूल उघडलं, जुनी स्प्रिंग बाहेर काढली, आणि तिच्या टोकाला लाल ठिपका होता.

लगेच तिथेच, टिनाच्या शेडमध्ये, समितीची बैठक झाली. मीही समितीवर होतो, बँकेतला माणूस हिशेबाला बरा म्हणून.

"सेलूकर साब," राव म्हणाले, "ये क्लब की स्प्रिंग मेरे पिस्तौल में कैसे आई?"

"मी घातली," सेलूकर म्हणाले.

"और मेरी?"

"सुजाताच्या पिस्तुलात आहे. तुम्ही महिन्याला मूठभर गोळ्या झाडता, साहेब. ती आठवड्याला पेटी संपवते. तुमची नुसती बसून होती."

दाढा पाहणारे डॉक्टर म्हणाले, "अहो, पण ठिपका तरी पुसायचा."

सेलूकर दुखावले. "ठिपका कसा पुसणार? क्लबाचा माल आहे. पुसला असता तर चोरी झाली असती."

मग मी विचारलं की कपाटात स्प्रिंगा असताना हे कशासाठी. सेलूकरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी कपाट उघडलं. आत तेलाच्या बाटल्या, चिंध्या, साफसफाईचे ब्रश, आणि त्यांचा जेवणाचा डबा होता. स्प्रिंगांच्या पत्र्याच्या डब्या ओळीने मांडलेल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

"दिल्लीहून माल येऊन जमाना झाला," ते म्हणाले.

"मग सांगायचं होतं ना आम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"सांगून काय झालं असतं? कपाटात आहे म्हटलं की माणूस सबुरीनं घेतो. नाही म्हटलं की त्याची स्प्रिंग त्याच दिवशी खराब होते." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "आणि ज्यांची खरंच गेली होती, त्यांची मी कुणाची ना कुणाची घालत आलो. डॉक्टर, तुमच्यात सध्या कर्नल साहेबांची आहे."

त्या दिवशी शेडमध्ये बऱ्याच जणांना कळलं की आपल्या पिस्तुलात दुसऱ्याचं काय काय आहे. पाकीट येणार हे कळल्यापासून सेलूकर राजीनामा लिहून खिशात बाळगून होते. घड्या घातलेला तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यांची तयारी शिव्या खाण्याची होती. कदाचित थोडी हौसही असावी. इतकी वर्षं चोरून केलेलं काम एकदा तरी उघडपणे सांगायला मिळालं होतं.

पण राव मोठे हुशार. ते हातातल्या स्प्रिंगकडे बघत होते. "एक मिनट," ते म्हणाले. "मतलब वो मेडल मेरी स्प्रिंग से आया?"

सेलूकर म्हणाले, "मेडल सुजातानं आणलं."

"हौ, हौ. मगर स्प्रिंग तो मेरी थी." आणि रावांचा चेहरा उजळला. राजीनामा त्यांनी फाडला. सेलूकरांना शिक्षा झाली नाही, त्यांचा सत्कार ठरला. मी पाहिलेल्या शिक्षांमध्ये ती सगळ्यात कडक होती.

सत्काराला मांडव घातला होता. सेलूकरांना शाल दिली, नारळ दिला, आणि रावांनी भाषण केलं. त्यात सेलूकर दोन वाक्यांत आटोपले. बाकीचं भाषण असं होतं की राष्ट्राला खेळाडू हवेत, खेळाडूंना साधनं हवीत, आणि साधनवाल्यांनी मन मोठं ठेवावं, जसं की त्यांची स्वतःची स्प्रिंग आज एका गरीब मुलीच्या पिस्तुलात आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी त्या मुलीला दोन शब्द बोलायला बोलावलं.

सुजाताला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं सरांचा सत्कार आहे, म्हणून ती रजा टाकून, नवी साडी नेसून आली होती. ती उठली, पण माईककडे गेली नाही. हत्यारांच्या खोलीत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली असेल. थोड्या वेळाने ती बाहेर आली, रावांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या तळहातावर स्प्रिंग ठेवली.

"साहेब, तुमची वस्तू," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच दिली असती."

रावांनी ती घेतली. काय करावं न कळून त्यांनी तिचे आभार मानले. पुढे ती स्प्रिंग त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली, शेजारी पदकाचा फोटो. मी ती पाहिली आहे. फोटोत सुजाता अर्धी कापली गेली होती.

सत्कारानंतर नळापाशी ती आणि सेलूकर समोरासमोर आले. मी हात धूत होतो.

"बाई, तुझी स्प्रिंग गेलेली होती," सेलूकर म्हणाले. त्यांच्या अंगावर अजून शाल होती. "तू हरली असतीस. दोष पिस्तुलाचा असता, आणि लोकांनी तुझा म्हटला असता."

"म्हटला असता तर म्हटला असता, सर." ती हळू बोलत होती. "आम्हाला लहानपणापासून कुणी काही दिलं तर चारचौघांत सांगूनच देतात. तुम्ही न सांगता दिलंत. मला त्याचं बरं वाटायला पाहिजे होतं. पण सांगणारा निघालाच की शेवटी."

सेलूकरांना बोलण्यासारखं खूप असे, पुंगळ्यांवर, तेलावर, दिल्लीवर. त्या वेळी मात्र त्यांनी शाल काढून हातावर घेतली, आणि सुजाता जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. क्लबात येई, खेळे, नमस्कार करून जाई. क्लबात आता स्प्रिंगा मुबलक होत्या. रावांनी मुंबईहून एक पगारी जाणकार आणला. तो ठराविक गोळ्या झाल्या की कुणाचंही न ऐकता स्प्रिंग बदलून टाकी, आणि खरं सांगायचं तर त्यात काही चूक नव्हती. पिस्तुलं अडकायची बंद झाली. कुणालाही कुणाला चहा पाजायचं कारण उरलं नाही. सेलूकर काही रविवार येऊन बसले. त्यांना सगळे मान देत, म्हणजे खुर्ची देत. एका रविवारी एका नव्या सदस्याने मला विचारलं, "हे काका कोण? सारखे खाली काय बघतात?" मी सांगायला सुरुवात केली, पण तोपर्यंत त्याची पाळी आली.

पुढच्या वर्षी सुजाताने पुन्हा पदक मिळवलं, नव्या स्प्रिंगवर. संध्याकाळी मी ही बातमी द्यायला वर गेलो. सेलूकर मिक्सर उघडून बसले होते. "किती गुण?" त्यांनी विचारलं. मी सांगितले. गेल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच होते. ते खूप वेळ स्क्रू फिरवत राहिले. मग म्हणाले, "डावा पाय सुधारला असेल." वहिनींनी आतून विचारलं कोण जिंकलं, तर त्यांनी "सुजाता" असं इतक्या मोठ्यांदा सांगितलं की खाली रस्त्यावर भाजीवाला थांबला.

मग माझी बदली झाली. अधूनमधून पत्रं येत, पण ती वहिनींची, आणि त्यांत सेलूकर "बरे आहेत" एवढ्यातच असायचे. काही वर्षांनी बँकेच्या कामाने मी हैदराबादला गेलो होतो. परत निघताना गौलीगुड्याच्या बसस्टँडवर माझी गाडी यायची वाट बघत होतो, तेव्हा समोर नांदेडची बस लागली होती, आणि तिच्या दारात सुजाता एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला चढवत होती. मला ओळखायला क्षणभर लागला. सेलूकर खूप वाळले होते. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, डोक्यावर टोपी.

मी जवळ गेलो. सुजाताने मला पाहिलं आणि ओळखीचं हसली. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं नांदेडला. "सरांना न्यायलेय," ती म्हणाली. "वहिनी कालच पुढे गेल्या. हे म्हणाले साधी गाडी बरी, एक्सप्रेस खिळखिळी असते. त्यावरून सकाळपासून वाद."

"तुमचं बोलणं कधी सुरू झालं?" मी विचारलं.

"आठवत नाही," ती म्हणाली. "एकदा बोलायला लागले ते थांबलेच नाहीत."

तेवढ्यात कंडक्टरने घंटा दिली आणि ती चढली. मी खिडकीखाली उभा राहून सेलूकरांना हाक मारली. त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या अनोळखी प्रवाशाला ते हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होते. तो प्रवासी खिडकीला डोकं टेकून केव्हाच झोपला होता, पण त्यांचं चालूच होतं. पलीकडे सुजाता संत्रं सोलत होती. बोलता बोलता त्यांनी न बघताच हात तिच्याकडे पसरला. तिने फोडीतली बी काढली आणि फोड त्यांच्या तळहातावर ठेवली. बस निघाली.